बॅकअप घ्या म्हणता, मग तो उघडायचा कसा तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नुकतंच नवीन मोबाईल घेताना काय काय बघावं यावर अर्धं पान आलं होतं. बॅटरी बघा, बिल जपून ठेवा, जुना फोन विकण्याआधी रिसेट मारा, सगळं बरोबरच आहे. पण बॅकअपवर फक्त एक ओळ होती, की जुन्या फोनचा बॅकअप घेऊन ठेवा म्हणजे निर्धास्त. मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचंय. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण उसाच्या वजनाचा भाग आणि शेवटच्या मागण्या तेवढ्या ठेवा ही विनंती.

मी पलूसला झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवते. सातबारा, पीक विमा, शाळेचे फॉर्म, हे रोजचं काम. त्यात आता अजून एक काम वाढलंय. लोक पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्ड घेऊन येतात आणि म्हणतात, ताई यात माझा जुना फोन हाय, जरा उघडून द्या की. आणि बघावं तर आत एक नाहीतर दोनच फाइली, नाव कसलंतरी, डबल क्लिक केलं तर कॉम्प्युटर विचारतो ही कशात उघडू. बॅकअप घेतलेला असतो, अगदी व्यवस्थित घेतलेला असतो, पण तो घरातल्या कुणालाच वाचता येत नाही, आणि ज्यानं घेऊन दिला तो दुकानदार म्हणतो माझं काम बॅकअप घ्यायचं होतं, उघडायचं नव्हतं. मग असा बॅकअप असला काय आणि नसला काय.

एका काकांचं सांगते, नाव-गाव-कारखाना काही लिहीत नाही. काकांचा ऊस जातो, आणि काट्यावर गाडीचं वजन झालं की त्यांच्या फोनवर मेसेज येतो, गाडी नंबर, स्लिप नंबर, निव्वळ वजन, तारीख. काकांनी ते सगळे मेसेज जपून ठेवलेले, एकही डिलीट केला नव्हता. का, तर बिल उशिरा आलं होतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या दिवसांचं वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं. आता व्याज मागायचं तर कुठली गाडी कुठल्या तारखेला काट्यावर गेली ते दाखवायला नको का? कागदाच्या स्लिपा काही भिजल्या, काही हरवल्या, मेसेज मात्र होते. मधेच फोनची स्क्रीन गेली, पोरानं नवीन फोन घेऊन दिला, दुकानात जुन्याचा बॅकअप काढून घेतला. दुकानदारानं पाठीमागं स्टिकर लावून त्यावर फोनचा पॅटर्न पेनानं काढून घेतला, फोन ठेवून घेतला, नंतर पेनड्राइव्ह हातात दिला. नव्या फोनवर मेसेज काही आले नाहीत. जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला.

त्या पेनड्राइव्हवर जी फाइल होती तिचं आडनाव होतं डॉट एबी. हे माझ्या ओळखीचं होतं म्हणून बरं. ही अँड्रॉइडचीच फाइल असते, फोन कॉम्प्युटरला केबलनं जोडून बॅकअपची कमांड दिली की अशी फाइल तयार होते. तिची रचना अगदी साधी आहे, वर चिठ्ठी शिवलेलं पोतं समजा. चिठ्ठीवर चार ओळी, साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी दिसतात. पहिली ओळ अँड्रॉइड बॅकअप असं इंग्रजीत, दुसरीत व्हर्जनचा आकडा, तिसरीत १ असेल तर माल दाबून भरलाय आणि ० असेल तर तसाच आहे, आणि चौथ्या ओळीत कुलूप आहे का नाही ते. कुलूप नसेल तर इंग्रजीत नन लिहिलेलं असतं, असेल तर एईएस-२५६, मग मात्र पासवर्ड लागतो. चौथ्या ओळीच्या खाली नोटपॅडला सगळा कचरा दिसतो आणि माणूस घाबरून फाइल बंद करतो, पण तो कचरा नसतो, तो दाबून भरलेला माल असतो, आणि आत साधी टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं असतं, जे सेव्हन-झिप सारख्या मोफत प्रोग्रॅमनं कुणालाही उघडता येते.

पोतं उघडायचं काम करणारं टूल आहे अँड्रॉइड बॅकअप एक्स्ट्रॅक्टर. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, जावा या प्रोग्रॅमच्या भाषेवर चालतं, एका ओळीची कमांड दिली की एबीची टार करतं, आणि उलटंही करतं, म्हणजे टारची परत एबी. काकांच्या फाइलला कुलूप नव्हतं. आत प्रत्येक ॲपचं वेगळं फोल्डर, त्यात फोनच्या मेसेजचंही एक, आणि त्यात मेसेजच्या फाइली, त्याही परत दाबलेल्या. त्या सोडवल्या तेव्हा सरळ मजकूर दिसला, कुणाचा मेसेज, काय मजकूर, आणि तारीख. फक्त तारीख अशी, १६१०४३३००००००. तेरा आकडी. काका म्हणाले ही तर कुठली तारीख वाटत नाही. ही तारीखच आहे, १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा, फोनचं घड्याळ असंच मोजतं. एक्सेलमध्ये नाहीतर मोफतच्या लिब्रेऑफिसमध्ये हा आकडा ८,६४,००,००० नं भागायचा, त्यात २५,५६९ मिळवायचे, आणि आपले साडेपाच तास वाढवायचे, मग सेलला तारखेचा फॉरमॅट दिला की वरच्या आकड्याचं उत्तर येतं १२ जानेवारी २०२१, दुपारचे १२.

ते साडेपाच तास फार महत्त्वाचे आहेत. आमच्याकडं हंगामात काट्यावर रात्रभर गाड्या असतात, पहाटे दोन-तीनला वजन होणं रोजचंच आहे. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर पहाटे दोनची गाडी आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठची दिसते, तारीखच बदलते, आणि १४ दिवस मोजताना एक दिवस इकडचा तिकडं होतो. सगळी गाडीवार यादी तयार करून, वजन, तारीख, वेळ अशा रकान्यांत टाकून मी काकांना प्रिंट काढून दिली. पुढं त्यांचं कारखान्याशी काय ते चालू आहे, त्यात मी पडत नाही. पण जे मेसेज गेले म्हणून घरात सगळ्यांनी सोडून दिलेलं ते मेसेज पेनड्राइव्हवरच पडून होते हो! एवढंच की ज्यानं ती फाइल बनवली त्याला ती काय आहे ते माहीत नव्हतं.

आता ओपन सोर्सवर एवढा जोर का देते ते सांगते. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते सगळ्यांना बघायला खुलं असतं. मला स्वतःला जावा येत नाही, पण ज्यांना येतं अशा हजार लोकांनी तो वाचलेला असू शकतो, आणि त्यात गुपचूप डेटा पाठवायची भानगड ठेवणं अवघड जातं. त्यातनं ही टूल्स आपल्याच कॉम्प्युटरवर चालतात, वायफाय बंद करून, मोडेमची वायर काढून चालवा, काही फरक पडत नाही. याउलट इंटरनेटवर बॅकअप उघडायचा कसा असं शोधलं की पहिल्या पानावर फाइल इथं अपलोड करा, आम्ही फुकट बदलून देतो असली पानं येतात. कृपा करून अशा ठिकाणी फोनचा बॅकअप कधीच टाकू नका. त्यात काय नसतं सांगा, बँकेचे मेसेज, खात्याचे शेवटचे चार आकडे, शिल्लक, सगळ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर, आधारचे फोटो. घराची किल्ली देण्यापेक्षा वाईट आहे ते, आणि एकदा गेलेलं परत मागता येत नाही. टूल घेतानाही ते त्याच्या मूळ पानावरनंच घ्यायचं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल चालवायची नाही. आणि फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लगेच फिरवायचा, हे तुम्ही रोज छापलं तरी मी जास्त म्हणणार नाही.

कंपनीच्या भरवशावर राहायचं म्हटलं तर नोकियाचं बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात घरटी नोकिया होता. ज्यांच्याकडं कॉम्प्युटर होता त्यांनी नोकियाच्याच पीसी सूट या प्रोग्रॅममधनं बॅकअप घेतले, डॉट एनबीयू नावाच्या फाइली, आणि सीडीवर टाकून कपाटात ठेवल्या. मग नोकियाचा मोबाईलचा धंदा २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं घेतला, पीसी सूट मागं पडलं, आणि सीडी तशाच राहिल्या. त्या फाइली आज उघडायच्या तर एनबीयू एक्स्प्लोरर नावाचं टूल आहे, कंपनीनं नाही केलेलं, बाहेरच्या माणसानं फाइलची रचना शोधून काढून लिहिलेलं आणि सगळ्यांना खुलं करून दिलेलं. एका बाईंच्या मिस्टरांच्या फोनचा असा बॅकअप होता, मिस्टर आता नाहीत. फाइल उघडली, डाव्या बाजूला फोल्डर आले, मेसेजवर क्लिक केलं आणि एकेक मेसेज साध्या मजकुरात समोर. बहुतेक मेसेज "निघालो", "एसटी चुकली", "गॅस आला का" असलेच. बाईंनी सगळे प्रिंट करून घेतले, एकही वगळू नका म्हणाल्या. मला त्या अनोळखी प्रोग्रॅमवाल्याचे आभार मानावेसे वाटले, त्याला कुठं पलूस माहीत असणार.

कॉन्टॅक्टचंही असंच एक दुखणं आहे आणि ते खास आपलं, म्हणजे मराठीत नावं सेव्ह करणाऱ्यांचं आहे. फोनमधनं कॉन्टॅक्ट बाहेर काढले की व्हीसीएफ फाइल मिळते. तिचे तीन प्रकार चालू आहेत, २.१ हा १९९६ चा, ३.० हा १९९८ चा आणि ४.० हा २०११ चा. गंमत बघा, अजूनही कितीतरी अँड्रॉइड फोन १९९६ चाच प्रकार बाहेर काढतात. तेव्हा इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं सरळ लिहायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याआधी बरोबरचं चिन्ह लावून लिहायचे. देवनागरीतलं एक चिन्ह म्हणजे तीन तुकडे, आणि एका तुकड्याला तीन खुणा, म्हणजे नऊ खुणा झाल्या. नुसतं "आ" लिहायचं तर बरोबर ई शून्य, बरोबर ए चार, बरोबर आठ सहा. "आई" म्हटलं की अठरा खुणा. आणि "ऊसतोड टोळी मुकादम" म्हटलं की ओळच मावत नाही, मग ओळ तोडावी लागते, आणि जे फोन किंवा ॲप ती तोडलेली ओळ नीट जोडत नाहीत तिथं नाव अर्धं राहतं नाहीतर नुसता ई शून्य ए चारचा गोंधळ दिसतो. लोकांना वाटतं व्हायरस आला. व्हायरस नाही काही नाही, नावं आत जशीच्या तशी आहेत, फक्त २.१ ची ३.० करून घ्यायची. त्याला मोफत, खुली टूल्स आहेत, आणि ज्यांना पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा थोडी येते त्यांना दहा-वीस ओळींत हे करता येतं. आमच्याकडं फोनमध्ये वायरमन, बोअरवाला, जेसीबी, डेअरी, टोळी मुकादम, शाळेच्या बाई, सगळं मराठीतच असतं, आणि असावंच, पण म्हणूनच हा त्रास इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त होतो आणि यावर मराठीत कुठं दोन ओळी लिहिलेल्या सापडत नाहीत.

फाइल टेक्स्टमध्ये आली की ती दुरुस्तही करता येते, हा तर मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एकाच माणसाचे चार-चार नंबर, मागं सिमवरनं आलेले, ईमेलवरनं आलेले, ते एकत्र करता येतात, जुने ०२३४६ वाले लँडलाइन काढता येतात, ज्या नंबरांच्या आधी ९१ नाही तिथं ते घालता येतं. फोनवर एकेक करत बसलं तर जीव जातो, कॉम्प्युटरवर रकाने पाडून चहा होईपर्यंत होतं. एबी फाइलमध्ये बदल करून परत फोनमध्ये भरायचं असेल तर मात्र एक पथ्य आहे, आतल्या फाइलींचा क्रम होता तसाच ठेवून टार बांधायची, क्रम बदलला तर फोन ती परत घेत नाही. आणि मेसेज नव्या फोनमध्ये भरताना ते काम करणारं ॲप थोड्या वेळापुरतं मेसेजचं मुख्य ॲप करावं लागतं, अँड्रॉइड ४.४ पासून तसा नियम आहे, काम झालं की परत आपलं नेहमीचं लावायचं, हे विसरलं की लोक म्हणतात मेसेज यायचेच बंद झाले.

आता कुणीही विचारेल, दुरुस्त करता येतं म्हणजे खोटंही करता येईल की. येईल ना. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वजन १२ टनाचं १८ टन करायला एक सेकंद लागतो, हे मी लपवत नाही, आणि म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की पुरावा म्हणून लागणारी मूळ फाइल आहे तशी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, तिला हात लावू नका, जे काय करायचं ते कॉपीवर करा. मूळ फाइलचा हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे त्या फाइलमधनं निघणारी एक खूण, शा-२५६ पद्धतीनं काढली तर ६४ अक्षरांची येते, आणि आत एक आकडा जरी बदलला तरी अख्खी खूण बदलते. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, काही विकत घ्यावं लागत नाही. कायद्यातही आता हे आलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं त्यात हॅश लिहायची जागाच दिलेली आहे. त्याआधी कलम ६५ब होतं, आणि जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्टानं २०२० ला सांगितलं होतं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. म्हणजे मोबाईलचा स्क्रीनशॉट झेरॉक्स करून अर्जाला जोडला की झालं असं जे आमच्याकडं चालतं ते पुढं टिकेलच असं नाही. वकिलाला विचारून करा, पण मूळ फाइल आणि हॅश या दोन गोष्टी वकिलाकडं जाण्याआधी हातात पाहिजेत.

क्लाउडवर बॅकअप आहे की, असंही बरेच जण म्हणतात, तुमच्या लेखातही त्याच अर्थानं असावं. असू द्या, वाईट नाही. पण गुगलचाच नियम आहे की फोन ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो. म्हातारं माणूस दवाखान्यात, फोन बंद पडलेला, पुढं दिवस-कार्य, घरातल्यांना फोनची आठवण येईस्तोवर दोन महिने कधी होतात कळतही नाही. व्हॉट्सॲपचं तर वेगळंच, तिथं बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ ला आली, पासवर्ड नाहीतर ६४ आकडी की, म्हणजे किल्ली. ती की हरवली तर तो बॅकअप कुठलंच टूल उघडू शकत नाही, ओपन सोर्स असो नाहीतर पैशाचं असो, आणि मला वाटतं ते तसंच असलं पाहिजे, नाहीतर कुलपाला अर्थ काय. पण की कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवा हे लोकांना कुणीतरी सांगायला नको का. आम्ही की शिवाय उघडून देतो असं कुणी म्हणत असेल तर तो तुमचे पैसे घेणार, एवढंच खरं.

महापुराचंही सांगायचं होतं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि आमच्या तालुक्यात भिलवडी, ब्रह्मनाळ या भागाचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाण्याची खूण भिंतीवर कुठवर होती, गोठ्यात काय राहिलं, याचे फोटो लोकांनी स्वतःच्या फोनवर काढले. ते फोटो नंतर व्हॉट्सॲपवरनं इकडून तिकडं पाठवले आणि मूळ फोन गेला. व्हॉट्सॲपवरनं फोटो गेला की त्याच्या पोटातली तारीख, वेळ, ठिकाण निघून जातं, राहतं ते नुसतं चित्र. मूळ फाइल केबलनं कॉपी केली असती तर सगळं राहिलं असतं. पुढचा पूर कधी येईल सांगता येत नाही, २०२१ ला परत आलाच होता, तेव्हा एवढं एक तरी नदीकाठच्या गावांत पावसाळ्याआधी सांगायला पाहिजे.

वाट दिवसेंदिवस अरुंद होत चाललीय हेही लिहिते. केबलनं बॅकअप घ्यायची जी अँड्रॉइडची पद्धत काकांच्या कामी आली ती गुगलनं बंदच करत आणलीय, अँड्रॉइड १२ साठी बनवलेल्या ॲपचा डेटा त्यात येत नाही. म्हणून आता नव्या फोनवर मेसेजसाठी एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या दुकानातलं एसएमएस इम्पोर्ट-एक्स्पोर्ट हे ओपन सोर्स ॲप बघा, ते मेसेज, कॉल आणि कॉन्टॅक्ट साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात काढून देतं, पुढं दहा वर्षांनी कुठलीही कंपनी असो नसो, ती फाइल उघडणार. सिग्नल हे मेसेजचं ॲप वापरणारे आमच्याकडं थोडेच, पण त्यांच्या फोनवरच काढलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅकअपला ३० आकडी परवलीचा नंबर असतो आणि तो असेल तर सिग्नलबॅकअप-टूल्स नावाच्या खुल्या टूलनं दोन बॅकअप एकत्र करणं, एकाच माणसाशी झालेलं बोलणं वेगळं काढणं, वाचायचं पान बनवणं हे सगळं होतं. सोय आहे हो, अडचण एवढीच की सगळी माहिती इंग्रजीत आणि काळ्या खिडकीत कमांड मारायच्या.

म्हणून माझं मागणं असं. तुम्ही त्या अर्ध्या पानाइतकीच जागा द्या आणि जुना बॅकअप कसा ओळखायचा, कुठल्या फाइलला कुठलं टूल, चार ओळींची चिठ्ठी कशी वाचायची, मूळ फाइल कशी जपायची, हे मराठीत, चित्रांसकट छापा. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको, फक्त एखाद्या जाणकार माणसाकडनं तपासून घ्या. दुसरं, आपल्या जिल्ह्यात वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे, दरवर्षी पोरं प्रोजेक्ट करतात आणि त्यातली कितीतरी धूळ खात पडतात. या टूल्सना बटणं असलेली मराठी खिडकी करून द्या, माहितीची पानं मराठीत आणा, ओपन सोर्स असल्यामुळं कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही, लायसनच्या अटी पाळल्या की झालं. मराठी नावं तुटायचा जो दोष आहे तो तर आपल्या पोरांनीच दुरुस्त करायला पाहिजे, ज्याला आपली अक्षरं वाचता येत नाहीत त्याला तो दिसणार कसा. तिसरं, गावोगावच्या वाचनालयांत कॉम्प्युटर आहेत, तिथं महिन्यातनं एक दुपार ठेवली, नेट बंद करून, फोनचा मालक शेजारी बसवून, पॅटर्न त्यानं स्वतः मारायचा, कुणी कागदावर लिहून घ्यायचा नाही, तर लोक दुकानात फोन सोडून जायचे थांबतील.

आणि चौथं साखर कारखाने आणि दूध संघांना. तुम्ही शेतकऱ्याला वजनाचा, दुधाच्या फॅट-एसएनएफचा म्हणजे प्रतीचा मेसेज पाठवता हे चांगलंच आहे. पण तीच सगळी माहिती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये रकाने पाडून तयार असते. हंगाम संपला की प्रत्येक सभासदाला त्याच्या गाड्यांची, दूधवाल्याला त्याच्या लिटरची पूर्ण यादी एका साध्या फाइलमध्ये आणि एका सहीशिक्क्याच्या कागदावर मागितल्यावर द्या. या वर्षीच्या वार्षिक सभेत आमच्या भागातले काही सभासद हा विषय लेखी मांडणार आहेत, त्याची बातमी तुमच्या वार्ताहरानं जरूर घ्यावी.

आपली नियमित वाचक,
पलूस, जि. सांगली